वाढत्या कण्याला आधार

बालकाच्या पाठीचा कणा हा शरीराचा खांब तर खराच, परंतु तो वाढणारा खांब आहे. जन्मापासून 5 वर्षांपर्यंत मानेखालचा कणा दरवर्षी सुमारे 2 सेंटिमीटर वाढतो. 5 ते 10 या वयात ही वाढ वर्षाला सुमारे 1 सेंटिमीटरवर येते आणि वयात येताना तिला पुन्हा वेग येतो. कण्याबरोबर छाती वाढते आणि फुप्फुसांना जागा मिळते. म्हणूनच लहान वयात कणा वळू लागला, तर तो प्रश्न केवळ दिसण्याचा राहत नाही, श्वासाचा होतो.

विकाराचे स्वरूप

या विकारास स्कोलिओसिस असे म्हणतात. यात कणा एका बाजूस झुकतो व स्वतःभोवती पिळलाही जातो. क्ष-किरण चित्रात ही वक्रता 10 अंश वा त्याहून अधिक भरल्यास विकार मानला जातो. काही बालकांत मणक्यांची घडण जन्मतःच सदोष असते, काहींत स्नायू वा मज्जातंतूंचा आजार असतो, तर अनेकांत कारण सापडत नाही. ग्रहण, शाप वा दप्तराचे ओझे ही मात्र त्याची कारणे नव्हेत.

उपचारांची वाटचाल

अमेरिकेतील डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी 1950 नंतरच्या दशकात पोलिओग्रस्त मुलांच्या कण्यास धातूच्या सळईचा आधार दिला. पुढे सळई बसवून मणके एकमेकांस कायमचे जोडण्याची पद्धत रूढ झाली. वाढ पूर्ण होत आलेल्या मुलांना ती आजही उपयुक्त आहे. परंतु चार-पाच वर्षांच्या बालकाचे मणके जोडले, तर कणा सरळ होतो, पण त्या भागाची वाढ थांबते आणि फुप्फुसे आखूड छातीत कोंडली जातात.

लंडन येथील डॉ. मिन मेहता यांनी अगदी लहान बालकांत ठराविक काळाने प्लॅस्टर बदलत नेऊन वाढीलाच उपचाराचे साधन बनविले. त्यांचे या विषयावरील निष्कर्ष 2005 साली प्रसिद्ध झाले. जेथे प्लॅस्टर वा पट्टा पुरत नाही, तेथे वाढ राखणारी शस्त्रक्रिया विचारात घेतली जाते. हिच्यात सळया केवळ वरच्या व खालच्या टोकांस पक्क्या केल्या जातात. मधले मणके मोकळे राहतात आणि साधारणतः दर सहा महिन्यांनी छोट्या शस्त्रक्रियेने सळई लांबविली जाते. बाहेरून चुंबकाच्या साहाय्याने लांबविता येणाऱ्या सळईचे पहिले अनुभव हाँगकाँगच्या शल्यचिकित्सकांनी 2012 साली प्रसिद्ध केले.

हे उपचार सोपे नव्हेत. सळई तुटणे, स्क्रू सैल होणे, जंतुसंसर्ग हे धोके संभवतात. वाढ संपल्यावर अनेकदा अखेरची जोडणीही करावी लागते. पालकांनी हे सर्व आधी समजून घ्यावे व मध्येच तपासणी सोडू नये.

कोठे जावे?

नांदेड, लातूर या भागांतील अनेक कुटुंबे मोठ्या उपचारांसाठी हैदराबादची वाट धरतात. तेथील निजाम आयुर्विज्ञान संस्थेचा उगमच अस्थिरोग रुग्णालयातून झाला आणि 1989 च्या कायद्याने तिला विद्यापीठाचे स्वरूप आले. तथापि प्रवासापूर्वी जिल्हा रुग्णालयात क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून साहाय्य मिळू शकेल काय, हे आरोग्यमित्रांकडून जाणून घ्यावे.

शिक्षकांचे कार्य

यंत्राविना होणारी एक परीक्षा प्रत्येक शाळेत शक्य आहे. मुलास गुडघे न वाकविता, दोन्ही तळहात जुळवून पुढे वाकण्यास सांगावे व मागून पाहावे. पाठीची एक बाजू उंच दिसल्यास, तसेच खांदे वा कंबर असमान आढळल्यास पालकांना कळवावे. मुलींची पाहणी शिक्षिकेने वा परिचारिकेने करावी. 2013 साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा व अंगणवाड्यांना भेट देतात. संशयित बालक त्यांना अवश्य दाखवावे.

“मोठेपणी होईल सरळ” असे म्हणून वाट पाहण्यात जी वर्षे जातात, तीच खरी वाढीची वर्षे होत. ती गेल्यावर कोणताही शल्यचिकित्सक ती परत देऊ शकत नाही.