पिवळा त्रिकोण

पुण्याहून गावी आलेल्या भाच्याच्या मित्रानं बोलता बोलता सांगितलं, "तो कंपायलरचे इशारे वाचतच नाही. गेम चालला की झालं म्हणतो." तेवढ्यावर पिंपळगाव रेणुकाईच्या मामांना घोर लागला. फोनवर पोरगं "हो मामा, बघतो" म्हणून मोकळं होतं. म्हणून त्यांनी पत्रच लिहायला घेतलं.

भाच्याचा गेम गावातल्या मिरची बाजाराचा. जात आणि प्रत जुळणारी पोती हिशेबात एकत्र धरायची, एवढी साधी गरज. पण सी शार्पमध्ये क्लासच्या दोन वस्तू मुळात तेव्हाच समान ठरतात, जेव्हा मेमरीत ती एकच वस्तू असते. आतली माहिती तंतोतंत जुळली तरी उत्तर 'नाही'च. म्हणून भाच्यानं समानता ठरवणारं इक्वल्स स्वतः लिहिलं आणि वस्तूचा हॅशकोड, म्हणजे ओळखीचा आकडा, देणारं गेटहॅशकोड तसंच सोडलं. कंपायलरनं सीएस०६५९ हा इशारा दिला, युनिटी या गेम इंजिनच्या कन्सोलमध्ये पिवळा त्रिकोण आला. आठवडे गेले, तो तिथंच आहे.

इथं मामांनी पेन दाबून लिहिलंय. पोती ज्यात ठेवली ती डिक्शनरी आधी हॅशकोडवरून कप्पा शोधते आणि हॅशकोड जुळला तरच इक्वल्सला विचारते. सारख्या पोत्यांचे हॅशकोड वेगळे निघाले, तर भाच्याच्या इक्वल्सची पाळीच येत नाही. "पोतं कोठारात आहे अन् तुझा गेम खेळणाऱ्याला नाही म्हणून सांगतो. त्या पोरानं दाद कुणाकडं मागायची?"

पुढची गोष्ट त्याहून बारीक. गेममध्ये हिरवी मिरची पिकून लाल होते. रंग हॅशकोडमध्ये धरला असेल, तर डिक्शनरीत ठेवलेलं पोतं लाल होताच त्याचा हॅशकोड बदलतो. शोध भलत्याच कप्प्यात जातो, पोतं जुन्या कप्प्यात अडकून राहतं. डिक्शनरीत 'की' म्हणून वापरलेलं मूल्य नंतर बदलू द्यायचं नाही, हे मामांनी दोनदा लिहिलंय. वजनाचा घोळ वेगळा. 'जवळपास सारखं' म्हणजे समान धरलं, तर पहिलं पोतं दुसऱ्याशी जुळतं, दुसरं तिसऱ्याशी, पण पहिलं तिसऱ्याशी नाही. युनिटीच्या व्हेक्टर३ मध्ये दुहेरी बरोबरचं चिन्ह अंदाजे तुलना करतं आणि इक्वल्स नेमकी, हे त्यांनी मुद्दाम आठवण म्हणून टाकलंय.



पत्रातला पुढचा मुद्दा वेगाचा. डॉटनेट २.० बरोबर २००५ साली आयइक्वेटेबल हा इंटरफेस आला. स्ट्रक्टला तो नसेल, तर डिक्शनरीतल्या प्रत्येक तुलनेला बॉक्सिंग होतं, म्हणजे मूल्य नव्या वस्तूत गुंडाळलं जातं, आणि मेमरीत कचरा साठतो. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला जेमतेम १६.६७ मिलिसेकंद, कचरा उचलायला तेवढ्यात गेम थांबला की खेळणाऱ्याला झटका बसतो. "आपल्या गल्लीतली पोरं कसल्या मोबाइलवर खेळतात, तू पाहिलंयस," मामा लिहितात. त्यांच्या मोबाइलवर तो झटका आधी बसणार, ही त्यांची खरी काळजी.

मधेच पत्र भलतीकडं वळतं. मामाही उमेदीत पुण्यात कोड शिकत होते. आप्पा गेले, शेत उघडं पडलं, ते परतले. स्वतःचा एकही प्रोग्राम शेवटपर्यंत नेला नाही याची सल अजून आहे, आणि ती भाच्याला लिहिताना त्यांनी लपवलेली नाही. त्या परिच्छेदानंतर रागाचा सूर उतरला. इक्वल्स लिहावंसं वाटलं, म्हणजे पोरगं विचार करतंय, हेही त्यांनी कबूल केलंय. शून्यातून उभा केलेला बाजार बघून छाती फुगली, असंही.

शेवटी कामाचं एवढंच: दिवाळीला येताना लॅपटॉप आण, दोघं बसून चाचण्या लिहू. एकाच जातीची दोन पोती, रंग बदललेलं एक, समोर नल, म्हणजे काहीच नसलेलं एक. तोवर जागरणं कमी कर, मेसचं आवडलं नाही तरी जेवत जा. तिकिटाचे पैसे पाठवलेत, आक्काला सांगू नकोस.