रंगाची रुजवात

इंदूर

चि. बाळ यास,

छायाचित्रांच्या कामासाठी लॅपटॉप घेण्याचा तुझा मनोदय कळून संतोष झाला. परंतु तू धाडलेल्या यादीत प्रोसेसर आणि मेमरी यांचा साद्यंत तपशील असून पडद्यापुढे केवळ 'फुल एचडी' एवढाच शेरा आहे, आणि त्यावरून ठिपक्यांची संख्या कळली तरी रंगाविषयी काहीच कळत नाही, म्हणून हे विस्ताराने लिहितो.

तुझ्यासारख्या, महेश्वरी साड्यांची छायाचित्रे काढणाऱ्याचा पडदा हाच त्याचा तराजू होय. ज्या पडद्यावर डाळिंबी किंवा गुलबक्षी मुळातच फिकी उमटते, त्यावर काम करणारा ती अधिकाधिक गडद करीत जातो, आणि तेच चित्र उत्तम पडद्यावर पाहून भुललेले गिऱ्हाईक साडी हाती पडताच ती परत करते. दोष मात्र निरपराध विणकराच्या माथी येतो.

यास्तव विक्रेत्याच्या कागदावर '४५ टक्के एनटीएससी' असे आढळल्यास तो जिन्नस तेथेच सोडावा. एनटीएससी हे १९५३ सालच्या अमेरिकन रंगीत दूरचित्रवाणीचे माप असून, आजच्या व्यवहारातील एसआरजीबी या मापाची बरोबरी त्याच्या सुमारे ७२ टक्क्यांस होते. अर्थात ४५ टक्क्यांचा पडदा एसआरजीबीचाही दोन-तृतीयांशाहून काहीसा कमी भाग दाखवितो. 'शंभर टक्के एसआरजीबी' ही तुझी किमान अट असावी.

आयपीएस आणि ओएलईडी या पडद्यांच्या दोन प्रकारांत ओएलईडीचा काळा रंग अधिक गहिरा आणि रंगक्षेत्र अधिक विस्तृत असते खरे, तथापि त्यात एसआरजीबीची निराळी सोय नसेल तर साधी चित्रे भडक दिसतात, आणि एकच स्थिर चित्र दीर्घकाळ ठेवल्यास पडद्यावर त्याचा कायमचा डाग उमटण्याचा संभव असतो. म्हणून तुझ्या कामास आयपीएस मला अधिक भरवशाचा वाटतो.

लॅपटॉप पाहण्यास सिल्व्हर मॉलमध्ये जाशील तेव्हा स्वतः काढलेले एखाद्या साडीचे छायाचित्र पेन ड्राइव्हवर आणि रंग ताडून पाहण्यास ती साडीही पिशवीत न्यावी. 'नाइट लाइट' आणि 'व्हिव्हिड' या रंग बदलणाऱ्या सोयी बंद करवाव्या, पडदा वरून, खालून आणि बाजूने पाहावा, आणि रंग पालटताना दिसला तर दुकानदाराच्या भाषणास भुलू नये.

पुढे पडद्याचे रंग जुळविणारा कॅलिब्रेटर घेऊन शुभ्रता ६५०० केल्व्हिनवर आणि प्रकाश सुमारे १२० निट्सवर आणून ठेवावा. मात्र जो रंग पडद्यात मुळातच नाही, तो हे यंत्र उत्पन्न करू शकत नाही, हे ध्यानी असू दे. ज्या शहरात देवळालीकर गुरुजींनी १९२७ साली चित्रशाळा उघडली आणि बेंद्रे, हुसेन यांच्यासारखे शिष्य घडविले, तेथे राहून रंगाविषयी हयगय करणे आपणांस शोभत नाही.

पैसे मोजण्यापूर्वी पडद्याचा तपशील लेखी घ्यावा आणि मॉडेलचा क्रमांक मजकडे पाठवावा. खातरजमा करून मी उलट टपाली कळवीन.

तुझा,
मामा