एकटीचा प्रवास देवगिरीपासून

प्रश्न : मी दौलताबादची, वय ५२. पतीच्या निधनानंतर मन रितं झालंय. एकटीनं श्रीलंका, व्हिएतनाम फिरावंसं वाटतं. योग्य ठरेल का?

उत्तर : ताई, जरूर निघा; पण प्रवासानं दुःख पुसलं जाईल, अशी अपेक्षा ठेवू नका. परंपरा सांगते, पैठणचे संत एकनाथ तुमच्याच देवगिरीवर, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर, गुरू जनार्दनस्वामींजवळ वर्षानुवर्षं राहिले, मग तीर्थयात्रेला निघाले. तुम्हीही आधी मन स्थिरावू द्या. वेरूळला एकट्या जाऊन या, मग आठवडाभर परराज्यात. त्यानंतर श्रीलंका; मुक्काम मोजकेच ठेवा. पासपोर्टची मुदत किमान ६ महिने उरलेली हवी. प्रवासविमा काढा, ठावठिकाणा रोज घरी कळवा. झोप, भूक हरपली असेल, तर तिकीट काढण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटा.