मारेगाव भागातील पिण्याचे पाणी : माणसांकरिता व घरच्या जनावरांकरिता

पाण्याची परीक्षा करण्याची आपल्याकडील पूर्वापार रीत म्हणजे ते डोळ्यांनी पाहावे, जिभेने चाखावे आणि त्यात डाळ शिजते की नाही ते अजमावावे. ही रीत टाकाऊ नव्हे. परंतु यवतमाळ जिल्ह्यात, विशेषतः पांढरकवडा, झरी जामणी, वणी व मारेगाव या पट्ट्यात ती पुरेशी नाही. येथील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड हे द्रव्य प्रमाणाबाहेर आढळलेले आहे. त्यास रंग नाही, वास नाही. इतकेच नव्हे, तर ज्या पाण्यात फ्लोराइड अधिक, त्यात चुन्याचा अंश पुष्कळदा कमी असतो. म्हणून डाळ त्यात चांगली शिजते आणि गृहिणी नेमके तेच पाणी पसंत करते.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे. दुसरे साधनच नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे. याहून अधिक फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात. ते घासून जात नाहीत, कारण दात हिरडीत घडत असतानाच हा दोष त्यांत उतरतो. सबब पहिल्या आठ वर्षांतील पाणी सर्वांत महत्त्वाचे. प्रौढांच्या मानेत, कमरेत व गुडघ्यांत ताठरपणा येतो आणि पुढे वाकणेही कठीण होते. हाडांत बसलेले हे दुखणे औषधाने पूर्ववत् बरे होत नाही.

जनावरांनाही हा रोग सुटलेला नाही. आपल्या देशात या रोगाची शास्त्रीय नोंद 1937 साली त्या वेळच्या मद्रास प्रांतातील नेल्लोर जिल्ह्यात झाली. तेथील शेतकऱ्यांच्या ध्यानी तो प्रथम आला तो नांगराच्या बैलांच्या आखडलेल्या सांध्यांवरून. माणसांचा विचार मागाहून झाला. तेव्हा ऐन वयातील बैल विनाकारण लंगडू लागला अथवा वासराचे नवे दात डागाळलेले व लवकर झिजलेले दिसले, तर पशुवैद्यकास दाखवावेच, आणि गोठ्यातील पाण्याचीही चौकशी करावी.

येथे एका गैरसमजाचा उलगडा करणे अगत्याचे आहे. पाणी उकळल्याने रोगजंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट वाफ निघून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण किंचित वाढते. कापडाने गाळणे, नुसती तुरटी फिरविणे किंवा जंतुनाशक पूड टाकणे यांनीही ते हटत नाही. जंतूंचा उपाय वेगळा आणि विरघळलेल्या द्रव्याचा वेगळा.

म्हणून ग्रामसेवक व जलसुरक्षक यांनी गावातील प्रत्येक विहीर, हातपंप व विंधन विहीर स्वतंत्रपणे तपासून घ्यावी. शेजारशेजारच्या दोन साधनांच्या पाण्यात मोठा फरक असू शकतो. पुष्कळ ठिकाणी खोल विंधन विहिरीपेक्षा उथळ उघड्या विहिरीत फ्लोराइड कमी निघते, पण हा नियम समजू नये. नमुना घेण्यापूर्वी पंप काही मिनिटे चालू ठेवावा, स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, एक लिटर पाणी भरावे व चिठ्ठीवर साधनाचे नाव आणि तारीख लिहून प्रयोगशाळेकडे पाठवावे. जंतूंच्या तपासणीकरिता मात्र प्रयोगशाळेतून मिळणारी निर्जंतुक बाटलीच वापरावी. सदोष साधनावर ठळक रंगाने ‘पिण्यास अयोग्य’ असे लिहावे. धुण्याभांड्यांस ते पाणी खुशाल वापरावे.

चांगले पाणी थोडेच असेल तर ते कोणास द्यावे? पाच माणसांच्या कुटुंबास पिण्यास व स्वयंपाकास सुमारे 25 लिटर लागते. दहा-बारा किलो वजनाच्या कुत्र्यास दिवसाकाठी सुमारे अर्धा ते एक लिटर, मांजरास व कोंबड्यांस त्याहूनही कमी. म्हणजे एका जादा गुंडात या सर्वांची सोय होते. त्यांना वेगळे, निकृष्ट पाणी देण्याचे काहीच कारण नाही. अडचण बैलांची आहे, कारण एका बैलास उन्हाळ्यात 50 ते 60 लिटरही लागतात. गुरांच्या पाण्यात दर लिटरला 2 मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड नसावे असे सामान्यतः मानतात. तितके चांगले पाणी सर्वांना पुरत नसेल, तर निदान तीन वर्षांखालील वासरे व कालवडी यांना ते आधी द्यावे, कारण त्यांचे कायमचे दात त्याच काळात तयार होतात.

चांगले साधन अजिबातच नसल्यास छपरावरील पावसाचे पाणी पहिल्या सरी वाहून गेल्यावर टाक्यात साठवावे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी व चुना मोजून टाकून फ्लोराइड खाली बसवितात. हे प्रमाण प्रत्येक पाण्याचे निराळे असते, तेव्हा तज्ज्ञाकडून ठरवून घेतल्याखेरीज ती घरी करू नये. गावात आर.ओ. यंत्र असल्यास त्यातून बाहेर टाकले जाणारे पाणी पुष्कळजण काटकसर म्हणून डोणीत सोडतात. ही काटकसर महागात पडते. यंत्राने काढलेले फ्लोराइड त्याच पाण्यात एकवटलेले असते.

आता जंतूंविषयी थोडक्यात. विहिरीतील दर 1000 लिटर पाण्यास सुमारे 5 ग्रॅम ताजी टी.सी.एल. पूड बादलीत कालवावी, गाळ खाली बसू द्यावा आणि वरची निवळ सायंकाळी विहिरीत सोडावी. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असल्यास ते सुमारे 37,700 लिटर भरते व त्यास 190 ग्रॅमच्या आसपास पूड लागते. नंतर ओ.टी. चाचणीने क्लोरीन उरला आहे ना, ते पाहावे. हे पाणी जनावरांसही अपायकारक नाही. घरात माठ झाकून ठेवावा व लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढावे. कुत्र्याचे भांडे व कोंबड्यांचे पात्र रोज घासून नवे पाणी भरावे, डोण आठवड्यातून एकदा रिकामी करून वाळवावी. म्हणजे डासांचीही वाढ होत नाही.

कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी पाण्यास वापरू नये, व फवारणीचा पंप विहिरीच्या काठी धुऊ नये. 2017 च्या खरिपात कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेने याच जिल्ह्यात शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले, हे विसरण्याजोगे नाही.

एकदा चांगला ठरलेला झरा नेहमीच तसा राहील असे नाही. पाणी खोल जाते तसतसे त्यातील द्रव्यांचे प्रमाण बदलते. याकरिता पावसाळ्यानंतर एकदा व मे महिन्यात, विहिरींनी तळ गाठला असता, पुन्हा एकदा नमुना पाठवावा.