जुना संगणक आणि नवी संचालन प्रणाली

यंत्र जुने होते म्हणजे काय होते, हे कोणास सांगावे लागत नाही. गिरणीचा पट्टा सैल पडतो, शिवणयंत्राचे दाते झिजतात, घड्याळाची कमान थकते. संगणकाचे म्हातारपण मात्र निराळ्या प्रकारचे आहे. वीस वर्षांपूर्वीचा संगणक, त्याचे भाग शाबूत असतील तर, पहिल्या दिवशी जी गणिते ज्या वेगाने करीत होता, तीच गणिते त्याच वेगाने आजही करतो. तरीही त्यावर नवी संचालन प्रणाली बसवू गेल्यास ती पुष्कळदा चालत नाही. झीज झालेली नसताना यंत्र निरुपयोगी का ठरावे? ज्या शाळेपाशी किंवा ग्रंथालयापाशी असे दहा-वीस संगणक आहेत, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न खर्चाचा आणि विद्यार्थ्यांच्या सोयीचा आहे.

१. यंत्र आणि प्रणाली यांतील करार

संगणकात गणित करणाऱ्या भागास प्रोसेसर म्हणतात. त्याला ठरावीक आज्ञाच समजतात : दोन संख्यांची बेरीज कर, ही संख्या तेथे ठेव, अमुक असेल तर तमुक आज्ञेकडे जा. हा आज्ञासंच प्रोसेसर घडवितानाच निश्चित होतो. मागाहून त्यात नवी आज्ञा घालता येत नाही.

संचालन प्रणाली, जिला व्यवहारात ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, ती या आज्ञांतूनच रचलेली असते. स्मृतीची वाटणी करणे, तबकडीवर नोंदी ठेवणे, अनेक कार्यक्रमांना पाळीपाळीने प्रोसेसर देणे ही तिची कामे होत. तिच्या गाभ्यास कर्नल असे नाव आहे. प्रोसेसर आणि कर्नल यांच्यामध्ये जणू एक करार असतो. प्रोसेसरने ठरलेल्या आज्ञा पाळावयाच्या आणि कर्नलने तेवढ्याच द्यावयाच्या. नवी प्रणाली जेव्हा जुन्या प्रोसेसरास ठाऊक नसलेली आज्ञा देते, तेव्हा हा करार मोडतो.

२. लिनक्स आणि ३८६

इंटेल कंपनीने १९८५ साली ८०३८६ हा प्रोसेसर बाजारात आणला. त्यात सुमारे २,७५,००० ट्रान्झिस्टर होते. १९९१ साली हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्झ याने ज्या संगणकावर लिनक्सचा कर्नल लिहावयास आरंभ केला, त्यात हाच प्रोसेसर होता. त्याचा वेग ३३ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३ कोटी ३० लक्ष ठोके, आणि स्मृती अवघी ४ मेगाबाइट होती. पुढे लिनक्स जगभर पसरले. परंतु २०१३ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या ३.८ या आवृत्तीपासून त्याच ३८६ ला कर्नलमधून वगळण्यात आले. ज्या यंत्रावर लिनक्स जन्मास आले, त्यावर नवे लिनक्स चालेनासे झाले.

याचे कारण ग्रंथालयाच्या उदाहरणाने समजेल. एका पुस्तकाची एकच प्रत शिल्लक आहे आणि दोन खिडक्यांवरील दोन कारकून एकच नोंदवही वापरतात. दोघांनीही एकाच क्षणी वही पाहिली, दोघांनाही 'शिल्लक १' दिसले आणि दोघांनीही ती प्रत देऊन टाकली, तर हिशेब चुकणारच. यावर उपाय असा : वही पाहणे आणि त्यात बदल करणे या दोन क्रिया मध्ये खंड न पडता एकदमच झाल्या पाहिजेत. 'येथे अजूनही तोच आकडा असेल तरच नवा आकडा लिही' अशी एक अखंड आज्ञा इंटेलने १९८९ च्या ४८६ या प्रोसेसरात घातली. ३८६ मध्ये ती नाही. अनेक कामे एकाच वेळी सांभाळणाऱ्या आधुनिक कर्नलचे पान या आज्ञेवाचून हलत नाही.

दुसरी उणीव संरक्षणाची होती. स्मृतीच्या एखाद्या भागावर 'केवळ वाचण्यासाठी' अशी खूण केली, तरी कर्नल स्वतः तेथे लिहू लागल्यास ३८६ त्यास अडवीत नसे. त्यामुळे असे प्रत्येक लेखन कर्नलला स्वतःच आधी तपासून घ्यावे लागे.

३. जुळवून घेण्याची किंमत

नसलेल्या आज्ञेचे काम युक्तीने भागविता येते. ३८६ पुरते लिनक्सने तसे केलेही होते. बाहेरून येणारे सर्व व्यत्यय क्षणभर थांबवावयाचे, आकडा पाहावयाचा, बदलावयाचा आणि व्यत्ययांना पुन्हा वाट मोकळी करावयाची. म्हणजे दुसऱ्या खिडकीचे दार तेवढ्यापुरते लावून घेण्यासारखेच हे झाले.

परंतु अशी प्रत्येक युक्ती कर्नलमध्ये कायमची वस्ती करून राहते. पुढे कोणी जवळपास काही बदल केला, की ती युक्ती बिघडली नाही ना, हे पाहावे लागते. आणि ते पाहण्यासाठी जुने यंत्र व ते चालविणारा मनुष्य असावा लागतो. वापरणारे उरले नाहीत की चूक दाखविणारेही उरत नाहीत. ३८६ ला निरोप मिळाला तो या कारणाने.

याचा अर्थ जुनी यंत्रे त्या दिवशी बंद पडली असा मात्र नव्हे. ३.७ ही आवृत्ती त्यांच्यावर पूर्वीप्रमाणेच चालत राहिली. पुढील सुधारणा तेवढ्या त्यांच्यापर्यंत पोहोचेनाशा झाल्या.

४. निराळी रचना, निराळे आयुष्य

नेटबीएसडी ही संचालन प्रणाली १९९३ पासून विकसित होत आहे. तिच्या २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या दहाव्या आवृत्तीतही डिजिटल कंपनीच्या व्हॅक्स या संगणकांना स्थान आहे, आणि या घराण्यातील पहिला संगणक १९७७ चा आहे! हे साधले ते दोन गोष्टींमुळे. पहिली ही, की यंत्रागणिक बदलणारा भाग आणि सर्व यंत्रांना समान असणारा भाग तिच्यात काळजीपूर्वक वेगळे ठेवलेले आहेत. दुसरी ही, की मंद यंत्रासाठी लागणारी संपूर्ण प्रणाली वेगवान आधुनिक संगणकावर बांधून घेता येते. जुन्या यंत्राला ती केवळ चालवावी लागते. तथापि येथेही काळजी वाहणारी माणसे लागतातच. याच प्रणालीने ३८६ ला मात्र २००९ सालीच, लिनक्सच्याही आधी, वगळले होते.

५. नव्या प्रणालीची गरज

जुनी प्रणालीच चालू ठेवली तर काय बिघडते, असे कोणी विचारील. एक उत्तर सुरक्षिततेचे आहे. प्रणालीतील दोष वेळोवेळी सापडतात आणि नव्या आवृत्तीत ते दुरुस्त होतात. दुरुस्ती न मिळणारा संगणक जाळ्यास जोडून ठेवणे धोक्याचे असते.

दुसरे उत्तर कालगणनेचे आहे. अनेक प्रणाली १ जानेवारी १९७० पासून लोटलेले सेकंद मोजून वेळ ठरवितात. ही संख्या ३२ अंकस्थानांत धन-ऋण चिन्हासह मांडल्यास २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जात नाही. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ही मर्यादा गाठली जाईल. पुढच्या सेकंदास अशा संगणकास १९०१ साल दिसू लागेल. २०२० साली आलेल्या लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत ३२ अंकी यंत्रांनाही ६४ अंकी काल वापरण्याची सोय झाली. त्यावरील कार्यक्रमही तसे बांधलेले असतील, तर जुने यंत्र ही मर्यादा सुखरूप ओलांडील. नवी प्रणाली जुन्या यंत्राचे आयुष्य वाढवू शकते, ते असे.

६. निर्णय कसा करावा

संगणक मोडीत काढण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात.

प्रोसेसर : तो ६४ अंकी आहे की ३२ अंकी? वैयक्तिक संगणकांत ६४ अंकी प्रोसेसर २००३ पासून येऊ लागले. डेबियन या लिनक्स संचाने २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत ३२ अंकी संगणकांसाठी कर्नल व स्थापनेची सोय देणे थांबविले. ६४ अंकी संगणकांसाठी ती चालू आहे.

स्मृती : टॉरव्हाल्ड्झच्या संगणकात ४ मेगाबाइट स्मृती होती, विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट, म्हणजे तिच्या १०२४ पट लागते. लिनक्सचे हलके संच याहून कमी स्मृतीत चालतात. मात्र जाळ्यावरील पाने दाखविणारा ब्राउझर पुष्कळदा प्रणालीपेक्षाही अधिक स्मृती घेतो, हे ध्यानात ठेवावे. जागा असल्यास स्मृती वाढवावी.

प्रणालीची अट : २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ने टीपीएम ही सुरक्षा-व्यवस्था आणि ठरावीक प्रोसेसर आवश्यक केले. वेगाने पुरेसे असलेले अनेक संगणकही त्यामुळे बाहेर राहिले. विंडोज १० चा विनामूल्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. येथे अडचण यंत्राच्या सामर्थ्याची नसून अटीची आहे. दुसरी प्रणाली अशा यंत्रावर उत्तम चालू शकते.

यानंतर प्रयोग करावा. लिनक्सचे अनेक संच पेनड्राइव्हवरून, संगणकातील मजकुरास हात न लावता चालवून पाहता येतात. पडदा, ध्वनी आणि जाळ्याची जोडणी ठीक चालत असेल, तर महत्त्वाच्या मजकुराची प्रत काढून मगच प्रणाली बसवावी. प्रयोग फसल्यास तो संगणक जाळ्यापासून अलग ठेवून टंकलेखन शिकविण्यास किंवा ग्रंथसूची ठेवण्यास वापरता येईल.

संगणकावर 'जुना' असा शिक्का मारण्यापूर्वी प्रश्न एवढाच विचारावयाचा : अडते ते नेमके कोठे? आज्ञेपाशी, स्मृतीपाशी की केवळ अटीपाशी? ज्या विद्यार्थ्याने हे शोधून काढले, त्याला संगणक कसा चालतो याचा एक मोठा धडा मिळाला, आणि कदाचित त्याच्या शाळेला एक चालता संगणकही.