अहीर माशाची वाट : धरण, उघाडी व जाळी

पुण्यास मंडईच्या आसपास मासळीवालीच्या पाटींत जो लांबट, सापासारखा मासा ‘वाम’ म्हणून विकावयास येतो, तो बहुधा खरा अहीर नव्हे. वामीच्या पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते, तोंड सोंडेसारखें निमुळतें असतें, आणि तिचें जन्म-मरण दोन्ही गोड्या पाण्यांत होतें. अहिराच्या पाठीवर काटा नाहीं. पाठीचा, शेपटीचा व पोटाखालचा पर मिळून एकच अखंड झालर होते. हा मासा समुद्रांत जन्मतो, नदींत वाढतो आणि अंडीं घालावयास पुनः समुद्रांत जाऊन तेथेंच मरतो. सबब नदीवर घातलेला प्रत्येक बांध त्यास आयुष्यांत दोनदां आडवा येतो.

अहिराचीं अंडीं नदींत कोणासही दिसलीं नाहींत, म्हणून तो चिखलांतून उत्पन्न होतो असें युरोपांत शतकानुशतकें मानीत. डेन्मार्कच्या योहानेस श्मिट यांनीं १९०४ पासून अटलांटिक महासागरांत त्याचीं पिलें धुंडाळिलीं. जिकडे पिलें अधिकाधिक लहान मिळत गेलीं तिकडे जात जात ते सारगॅसो समुद्रापर्यंत पोंचले. जपानी अहिराचीं अंडीं तर २००९ सालीं प्रशांत महासागरांत मॅरियाना बेटांच्या पश्चिमेस प्रत्यक्ष हातीं लागलीं. पिलूं प्रथम पानासारखें चपटें व पारदर्शक असतें. किनाऱ्याजवळ येतांच तें कांचेच्या दोऱ्यासारखें बारीक, पांच-सहा सेंटिमीटरांचें होतें आणि खाडींत शिरतें.

येथें त्याची युक्ति पाहण्यासारखी आहे. एवढ्या इवल्या जीवास ओहोटीच्या ओढीविरुद्ध पोहणें झेपत नाहीं. म्हणून भरती लागली कीं तें तळ सोडून वर येतें व पाण्याबरोबर आंत वाहत जातें. ओहोटी लागली कीं तळाच्या चिखलांत दडून बसतें. हें सर्व तें विशेषेंकरून रात्रीं करतें.

आतां कोंकणांतील खार जमिनीच्या बांधाची उघाडी कशी चालते तें पाहा. भरतीच्या दाबानें झडप मिटते व खारें पाणी शेतांत येत नाहीं. ओहोटीस झडप उघडते व सांचलेलें पावसाचें पाणी निघून जातें. म्हणजे पिलास ज्या घटकेस आंत यावयाचें, नेमक्या त्याच घटकेस दार बंद. आणि दार उघडें असतें तेव्हां बाहेर येणाऱ्या लोंढ्यापुढें त्याचा टिकाव लागत नाहीं. १९४८ सालीं मुंबई प्रांतांत खार जमिनींचा कायदा झाला, १९७९ सालीं महाराष्ट्राचा खार जमीन विकासाचा कायदा आला. दोहोंचा हेतु भातशेती राखण्याचा, व तो योग्यच होता. परंतु हेंही ध्यानांत ठेवावें कीं, बांध पोखरणाऱ्या खेकड्यांस खाणारे जे प्राणी आहेत, त्यांत अहीर एक आहे. परदेशीं अशा झडपांस लहानशी फट किंवा वेगळें छोटें दार ठेवून भरतीचें थोडें पाणी आंत घेतात. आमच्याकडे हें सरसकट करूं म्हणणें धाडसाचें होईल. तथापि जेथें उघाडीच्या आंत शेत नसून नुसता नाला आहे, तेथें पीक निघाल्यावर रात्रीच्या भरतीस बोटभर फट ठेवण्यास हरकत दिसत नाहीं.

खाडी ओलांडून वर आलेलें कोंवळें पिलूं ओलसर, खडबडीत भिंत अंगाच्या ओलाव्यानें चिकटून उभी चढूं शकतें. सुमारें दहा सेंटिमीटरांपलीकडे वाढलें कीं अंगाचें ओझें ही चिकटण्याची शक्ति हरवितें. मग त्यास गवताचा दोर, कुंचल्याचे केस किंवा दगडगोट्यांचा उतार लागतो. आयर्लंडांत बान नदीवर पिलें धरून वरच्या लॉख नेय सरोवरांत नेऊन सोडतात. न्यूझीलंडांत वायकाटो नदीच्या कारापिरो धरणाशींही तसेंच करतात.

परतीची वाट अधिक घातकी. पुष्कळ वर्षें नदींत काढल्यावर अहीर रुपेरी होतो, डोळे मोठे होतात, खाणें सुटतें. आणि पावसाच्या लोंढ्यांत, अंधाऱ्या रात्रीं तो खालीं निघतो. जिकडे पाण्याचा मुख्य ओघ तिकडे तो. ओघ जर वीजघराच्या चक्राकडे किंवा कालव्याच्या तोंडाकडे असेल तर अहीरही तिकडेच जातो. पुष्कळ मासे पाण्याच्या वेगांतील फरक जाणून जाळीपासून दुरूनच वळतात. अहीर तळालगत येऊन गजांवर आपटेपर्यंत वळत नाहीं. स्पर्श होतांच दचकून उलटा वर पळतो, कांहीं वेळानें पुनः येतो, पुनः आपटतो. पाण्यास वेग फार असेल तर गजांस चिकटून दबून मरतो. गज विरळ असतील तर आरपार जाऊन चक्रांत सांपडतो, आणि अंगानें लांब असल्यामुळें पात्याचा घाव त्यास चुकत नाहीं. म्हणून जाळी दाट हवी, ओघास सरळ आडवी न ठेवतां तिरपी हवी, आणि तिच्या खालच्या टोंकाशीं, तळालगत, निसटण्यास वाट हवी. दाट जाळी असून वाट नसेल तर तो नुसता कोंडवाडा.

मुठेंत वाढलेल्या अहिरास समुद्र गाठावयाचा तर मुळा-मुठा, भीमा, कृष्णा अशी हजार किलोमीटरांहून लांब वाट आहे. खडकवासल्याचें धरण १८७९ सालीं पुरें झालें. खालीं भीमेवर उजनी १९८० सालीं. पुढें कृष्णेवर जुराला, श्रीशैलम, नागार्जुनसागर, आणि शेवटीं विजयवाड्याचा बंधारा, जो मुळांत १८५५ चा व नव्यानें १९५७ चा. नदीवरील बंधारे माशांची वाट अडवितात, ही तक्रार फ्रान्सिस डे यांनीं १८७३ च्या आपल्या अहवालांतच सरकारपुढें मांडली होती. महसुलाच्या दप्तरांत मीं जन्म घालविला; त्यांत पाटाच्या पाण्याची पै-पै मांडलेली असते, पण माशाच्या वाटेस रकाना नाहीं.

धरणें शेतकऱ्याच्या हातचीं नव्हेत. पण नदीकांठचा पंप त्याच्या हातचा आहे. सेकंदास वीस लिटर पाणी खेंचणाऱ्या पंपाच्या तोंडास जर चारशें चौरस सेंटिमीटर एवढीच मोकळी जाळी असेल, तर पाणी सेकंदास अर्धा मीटर वेगानें आंत ओढलें जातें. पिलूं त्यांतून सुटत नाहीं. तोंडाभोंवतीं मोठा पिंजरा करून मोकळी जागा दोन हजार चौरस सेंटिमीटर केली कीं तोच वेग एक पंचमांश होतो, व पाणी तेवढेंच मिळतें. पिंजऱ्याचीं भोकें दोन-तीन मिलिमीटरांहून मोठीं नसावींत. आठवड्यांतून एकदां त्यावरील शेवाळ व पाला काढावा, नाहींतर मोकळी जागा घटून वेग पुनः पूर्ववत् होतो आणि पंपासही ताण पडतो.