कस्टम्समध्ये जायचंय? गणवेशाआधी कलम वाचा

बारावीचा किंवा पदवीचा निकाल लागला की पालक मुलाला घेऊन येतात आणि विचारतात, ‘एअरपोर्टवर कस्टम्समध्ये लागायला कोणता कोर्स करावा लागतो?’ असा कोर्स नाही. विमानतळावरचं कस्टम्स हे केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाखालचं सरकारी खातं आहे आणि तिथे शिरायचा रस्ता स्पर्धा परीक्षेतूनच जातो. कुठल्याही संस्थेचं ‘एअरपोर्ट मॅनेजमेंट’चं प्रमाणपत्र तिथे कामाला येत नाही. पैसे भरा, थेट भरती करून देतो, असं सांगणारा फसवतो आहे, हे घरातल्या सगळ्यांनी पक्कं ध्यानात ठेवावं.

आणखी एक घोळ सुरुवातीलाच मिटवू. पासपोर्टवर शिक्का मारतं ते इमिग्रेशन. ते गृह मंत्रालयाकडे येतं. विमानात चढण्याआधी अंगझडती घेणारे जवान सीआयएसएफचे. परदेशातून आल्यावर सामानाच्या पट्ट्यापलीकडे पांढऱ्या गणवेशात उभे असतात ते कस्टम्सचे. तिन्ही नोकऱ्या वेगळ्या, परीक्षाही वेगळ्या.

तिथलं काम दिसतं तेवढं सरळ नाही. प्रवाशापुढे दोन वाटा असतात, रेड चॅनेल आणि ग्रीन चॅनेल. शुल्क लागणारं काही जवळ असेल तर रेडमधून जायचं आणि सांगायचं. ग्रीनमधून चालत जाणं म्हणजे ‘माझ्याकडे जाहीर करण्यासारखं काही नाही’ असं निवेदन करणं. शेकडो लोक तिथून जात असतात. बहुतेक जण खरोखर घरी निघालेले, थकलेले, पोरंबाळं सोबत घेतलेले असतात. त्यांतल्या कुणाला थांबवायचं, हे अधिकाऱ्याला काही क्षणांत ठरवावं लागतं. विमान उतरण्याआधीच प्रवाशांची माहिती यंत्रणेत आलेली असते, क्ष-किरण यंत्रं असतात, एअर इंटेलिजन्स युनिटचे साध्या वेशातले अधिकारी असतात. तरीही शेवटी नजर माणसाचीच लागते.

तस्करीच्या तऱ्हा बदलत राहतात. सोन्याची भुकटी मेणात मिसळून शरीरात लपवतात, कपड्यांच्या अस्तरात शिवतात, विमानाच्या सीटखाली सोडून जातात. बँकॉकहून येणाऱ्या सामानात मुंबईत हायड्रोपोनिक गांजा सापडतो, कधी कोंडून आणलेली जिवंत कासवं आणि माकडंही सापडतात. त्यामुळे अधिकाऱ्याला 1962चा कस्टम्स कायदा, 1985चा अमली पदार्थांचा कायदा आणि वन्यजीवांचा कायदा हे तिन्ही माहीत असावे लागतात.

सोन्याचं गणित थोडं सविस्तर सांगतो, कारण या नोकरीचा खरा कस तिथे लागतो. 2022च्या जुलैमध्ये सोन्यावरचं आयात शुल्क 15 टक्क्यांवर गेलं आणि 2024च्या जुलैतल्या अर्थसंकल्पात ते 6 टक्क्यांवर आलं. शुल्क जितकं जास्त, तितका चोरट्या सोन्यातला नफा जास्त. म्हणजे दिल्लीत एक आकडा बदलला की मुंबईच्या सहार विमानतळावरच्या रात्रपाळीचं काम बदलतं. आता दुसरी बाजू बघा. 2016च्या बॅगेज नियमांत परदेशात वर्षभराहून अधिक राहून परतणाऱ्या स्त्रीला 40 ग्रॅम आणि पुरुषाला 20 ग्रॅम दागिने शुल्काविना आणता येत. पण त्यांना अनुक्रमे एक लाख आणि पन्नास हजार रुपयांच्या किमतीची मर्यादाही होती. सोनं इतकं महागलं की 40 ग्रॅम एका लाखात बसणं अशक्य झालं. आखातातून परतणारी कोकणातली एखादी बाई गळ्यात मंगळसूत्र, हातात बांगड्या घालून आली तर ती तस्कर आहे का? वापरातले दागिने आणि तस्करीचं सोनं यांत फरक करा, असं दिल्ली उच्च न्यायालयाने अनेक निकालांत बजावलं आहे. ‘मला कारणे दाखवा नोटीस नको’ अशा छापील मजकुरावर प्रवाशाची सही घेणं पुरेसं नाही, असंही न्यायालयाने म्हटलं आहे. नियम बदलतात, मर्यादा वाढतात. समोरच्या माणसाला न्यायाने वागवण्याची जबाबदारी मात्र काउंटरवरच्या तरुण अधिकाऱ्यावरच राहते.

म्हणूनच मुलामुलींना माझं सांगणं असतं की गणवेशाचं आकर्षण असू द्या, पण आधी कस्टम्स कायद्याचं कलम 102 वाचा. झडती घेण्यापूर्वी प्रवाशाने मागणी केली तर त्याला राजपत्रित अधिकाऱ्यापुढे किंवा दंडाधिकाऱ्यापुढे न्यावं लागतं. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची. झडतीआधीच दोन पंच बोलवायचे आणि त्यांच्यासमोर पंचनामा लिहायचा. कलम 108 खाली जबाब नोंदवायचा, आणि तो न्यायालयात पुरावा म्हणून वापरला जातो. जप्तीनंतर सहसा सहा महिन्यांत नोटीस द्यायची, नाहीतर माल परत करण्याची वेळ येते. पकडण्याचा क्षण वर्तमानपत्रात छापून येतो. खटला मात्र पंचनाम्यातल्या एका चुकलेल्या तारखेने कोसळतो. ज्याला नीटनेटकं, कंटाळा न करता, रात्री तीन वाजताही अचूक लिहिता येतं, तो या खात्यात चमकतो. ज्याला फक्त दरारा हवा आहे, त्याने दुसरीकडे बघावं.

रस्ते तीन आहेत. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून भारतीय महसूल सेवेत निवड झाली तर सहायक आयुक्त म्हणून सुरुवात होते. प्रशिक्षण देणाऱ्या अकादमीचं नवं संकुल 2024च्या जानेवारीत आंध्र प्रदेशात पालसमुद्रम इथे सुरू झालं. दुसरा रस्ता एसएससीच्या, म्हणजे स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या, सीजीएल परीक्षेचा, आणि मराठी मुलांचं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते याच रस्त्याकडे. कुठल्याही शाखेचा पदवीधर 30 वर्षांपर्यंत (राखीव प्रवर्गांना सवलत) ती देऊ शकतो. त्यातून प्रिव्हेन्टिव्ह ऑफिसर आणि एक्झामिनर ही इन्स्पेक्टर दर्जाची पदं मिळतात. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन 44,900 रुपयांपासून सुरू होतं आणि मुलाखत नसते. तिसरा रस्ता दहावी झालेल्यांसाठी, एसएससीच्याच एमटीएस परीक्षेतून हवालदार पदाचा. ही परीक्षा आता मराठीतूनही देता येते. खेड्यापाड्यातल्या किती घरांत ही गोष्ट पोहोचली आहे, याची मला काळजी वाटते.

एमपीएससीच्या मागे पुण्यात खोली घेऊन पाच-सहा वर्षं काढणारी मुलं मी बघतो, तेव्हा वाटतं, यांनी गणित आणि इंग्रजीची भीती सोडून सीजीएलही दिली असती तर! अभ्यासाचा बराच भाग सारखा आहे. फरक आहे तो वेगाचा. पहिल्या टप्प्यात 60 मिनिटांत 100 प्रश्न सोडवायचे असतात आणि हा वेग सरावानेच येतो.

पालक हळू आवाजात दोन प्रश्न विचारतात. पहिला, धोका आहे का? आहे, आणि तो लपवू नये. 1991 साली गोव्यात सोन्याची तस्करी अडवताना झालेल्या झटापटीत तस्कराचा मृत्यू झाला आणि कस्टम्सचे अधिकारी कॉस्टाओ फर्नांडिस यांच्यावर खुनाचा आरोप आला. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना 1996 साली त्यातून मुक्त केलं. मधली वर्षं त्या माणसाने कशी काढली असतील, याचा विचार करावा. विमानतळावर असे प्रसंग विरळा येतात, पण रात्रपाळ्या, सणावारी ड्यूटी आणि बदल्या चुकत नाहीत. विमानतळावरची नेमणूकही कायमची नसते. बंदरात, कस्टम हाउसमध्ये, किनाऱ्यावर, सगळीकडे काम करावं लागतं.

दुसरा प्रश्न ‘वरच्या कमाई’चा. त्या आशेने मुलाला या खात्यात पाठवू नका. लाच घेताना सीबीआयने पकडलेल्या अधिकाऱ्याचं घर कसं उद्ध्वस्त होतं, हे त्याच्या आईवडिलांनाच ठाऊक असतं. पगार चांगला आहे, नोकरी सन्मानाची आहे, तेवढं पुरेसं आहे.

परीक्षेत यश आलं नाही तरी या विषयाचा अभ्यास वाया जात नाही. आयात-निर्यातदारांची कागदपत्रं करणाऱ्या कस्टम्स ब्रोकरांकडे न्हावाशेवा, सहार, पुणे, नागपूर सगळीकडे काम असतं, आणि परवान्याची परीक्षा कस्टम्सची अकादमीच घेते.

आता मुलींच्या पालकांना एक खास सांगणं. इन्स्पेक्टर पदासाठी शारीरिक चाचणी असते. पुरुषांना 15 मिनिटांत 1600 मीटर चालून अर्ध्या तासात 8 किलोमीटर सायकल चालवावी लागते. स्त्रियांना 20 मिनिटांत एक किलोमीटर चालणं आणि 25 मिनिटांत 3 किलोमीटर सायकल. उंची पुरुषांना 157.5 आणि स्त्रियांना 152 सेंटिमीटर लागते. अनुसूचित जमातींना त्यात सूट आहे. लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवूनही सायकल येत नाही म्हणून अडण्याची वेळ मुलीवर येऊ देऊ नका. अर्ज भरायच्या आधी, याच सुट्टीत, तिला सायकल शिकवा.